सोमारीची पावती

३ फेब्रुवारी २०२५, भद्रावती

सिस्टर ऑगस्टीन जिवंत आहेत. एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत आणि आयर्लंडमध्ये समुद्राकाठच्या एका लहान गावात, म्हाताऱ्या नन्ससाठी असलेल्या घरात राहतात. रोहिणीने नागपूरहून फोन करून हे सांगितलं तेव्हा मी ओट्याशी उभी होते. दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही.

चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी आणि अक्षर त्याच शिकवायच्या. रोहिणी आणि आणखी दोघी एप्रिलअखेर त्यांना भेटायला निघाल्या आहेत. "शालू, सिस्टर आपल्यासाठी शंभरी गाठणार नाहीत. येतेस की नाही, उद्यापर्यंत सांग," ती म्हणाली. मी आत्ताच हो म्हटलं.

"मग ऐक. प्रत्येकीने आपापलं कार्ड आणायचं. सिंगापूरला मी एकीला आठ दिवस पोसलं होतं. ती अजून 'देते गं' म्हणते आहे."

विद्याधर गेल्याला सहा वर्षं झाली. त्यांच्या कारखान्याची कॉलनी सोडून या घरात आले, त्यानंतर नागपूरच्या पलीकडे मी गेलेली नाही. मला कार्ड कोण देणार?

सोमारीने दूध पुसलं. "कोन जिवंत हाय म्हणता, बाई?" मी सांगितलं. फडकं तिने मोरीत पिळलं. मग म्हणाली, "लय उंच होत्या त्या." इतक्या वर्षांनी तिला उंची आठवावी, याचं मला फार कौतुक वाटलं.

६ फेब्रुवारी

बँकेत जाऊन आले. प्रवीण नावाचा मुलगा तिथे कार्डांचं बघतो. मुलगा म्हणजे पस्तिशीचा असेल. माझ्यासमोर चार रंगीत कागद पसरून बसला.

"मॅडम, तीनच गोष्टी ध्यानात ठेवा. साध्या कार्डानं बाहेरदेशी खरेदी केली तर शंभरामागं साडेतीन रुपये जास्तीचे लागते. हे एक कार्ड हाय, त्याले तो आकार नाई. हे घ्या. दुसरी गोष्ट, क्रेडिट कार्डातून नगद काढाची नाई. काढली की त्याच दिवसापासून व्याज सुरू. नगदीसाठी फॉरेक्स कार्डात इथूनच युरो भरून न्या."

"आणि तिसरी?"

"तिथलं मशीन विचारते, रुपयात कापू का युरोत. रुपये दिसले की माणसाले घरचं कोणी भेटल्यासारखं वाटते. अन् तिथीच तो फसते. तुमी युरोच म्हनाचं."

मी सगळं वहीत लिहून घेतलं. माझं अक्षर बघून तो म्हणाला, "एकदम छापल्यासारखं हाय." सिस्टरांचीच कृपा.

मग त्याने खरी अडचण सांगितली. माझं वय बासष्ट, उत्पन्न म्हणजे विद्याधरांच्या मागचं पेन्शन. एवढ्यावर कार्ड मिळत नाही. मुदत ठेवीची पावती तारण ठेवली तर आठ-पंधरा दिवसांत मिळेल. मात्र पावती मोडून आजच्या दराने नवी करावी लागेल, आणि कार्ड चालू असेपर्यंत तिला हात लावता येणार नाही.

७ फेब्रुवारी

कपाटातून तीन पावत्या काढल्या. दोन माझ्या. त्या चढ्या दराच्या आहेत, ऑगस्टमध्ये पिकतात. त्या मोडायच्या नाहीत असं विद्याधर बजावून गेलेत. तिसरी सोमारीची.

सोमारीची म्हणजे नाव माझंच आहे. बाबांचे आलापल्लीकडे लाकडाचे ठेके होते. सोमारीचा बाप तिथे झाडं तोडायला यायचा. तिची आई गेली तेव्हा बाबांनी तिला माझ्या सोबतीला चंद्रपूरला आणलं. मी सात वर्षांची होते, ती नऊची असेल. महिना बारा रुपये ठरले. बाबा म्हणाले, हातात देऊ नका, उडवेल, साठवा. तिच्याकडे जन्माचा कागद नव्हता, म्हणून खातं बाबांच्या नावाने काढलं. बाबांनंतर ते माझ्या नावावर आलं. बारा रुपयांचे वाढत वाढत दोन लाख चाळीस हजार झालेत. पंचावन्न वर्षांत तिने एकदाही मागितले नाहीत. आधार कार्ड आल्यावर तिच्या नावाचं खातं काढू असं मी कितीदा म्हणाले, पण ते राहून गेलं.

तिची पावती गेल्याच महिन्यात नव्याने केली होती, म्हणजे दर आजचाच. मोडली तरी नुकसान नाही. आणि नुसतीच तर पडून आहे.

अर्जावर सही केली. घरी येऊन तिला सांगणार होते, पण ती अंगणात मिरच्यांची डेखं खुडत बसली होती. तारण म्हणजे काय हे समजावता समजावता संध्याकाळ झाली असती. शिवाय पैसे जागच्या जागी आहेत. सांगण्यासारखं त्यात काय आहे?

तरी दुपारी झोप लागली नाही. जेवण जड झालं असावं.

२१ फेब्रुवारी

कार्ड आलं. निळसर रंगाचं आहे आणि त्यावर माझं नाव उठावाच्या इंग्रजी अक्षरांत आहे. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा असं वाटलं की मी कुणाची तरी मुलगी किंवा बायको नाही, नुसती शालिनी देशकर आहे.

सोमारीला दाखवलं. हात पदराला पुसून तिने ते घेतलं आणि नावावरून बोट फिरवलं.

"बाई, आपल्या दोघींचं पहिलं अक्षर एकच हाय ना?"

मला हसू आलं. "कुणी सांगितलं तुला?"

"असंच," म्हणाली आणि कार्ड परत दिलं.

कुठून काय ऐकते कोण जाणे. पण कार्डाच्या आनंदात तिला सहभागी करून घेतलं याचं बरं वाटलं. नाहीतर लोक घरातल्या माणसांना काही दाखवतसुद्धा नाहीत.

२ मार्च

सोमारीचा भाचा अंकुश आला होता. तो एटापल्लीच्या पुढच्या गावात शेती करतो. चाळिशी उलटली तरी माझ्यासमोर खुर्चीवर बसत नाही. त्याचा बाप पोचू, म्हणजे सोमारीचा धाकटा भाऊ, दोन वर्षांपूर्वी गेला. दोघं बराच वेळ दारात उभे होते.

"आत्या, तूच बोल."

"तूच बोल. तुह्या बापाचं हाय."

शेवटी सोमारीच बोलली. "बाई, पोचूचा दगड रोवाचा हाय. माहे पैसे काढून द्या."

त्यांच्यात माणूस गेला की गावाबाहेर त्याच्या नावाचा उभा दगड रोवतात आणि सगळ्या सोयऱ्यांना जेवण देतात. तोवर गेलेला माणूस पोचला असं मानत नाहीत. लहानपणी मी बाबांच्या जीपमधून असे दगड पाहिले होते. मोहाच्या झाडांखाली रांगेने उभे असायचे, वर्गाबाहेर शिक्षा केलेल्या मुलांसारखे.

"किती लागतील?"

"साठ हजार."

"दगडाला साठ हजार?"

"दगड फुकटच भेटते, बाई," अंकुश म्हणाला. "माणसं जेवते. सात गावचे सोयरे हायेत. अन् आमच्या घरात दगडाले पहिलं कापड मोठ्या बहिणीनं बांधाचं असते. बाबाले एकच बहीण."

"दोन वर्सं झाली," सोमारी म्हणाली. "आता लोक विचारून राह्यले, पोचूले बहीण होती का नाई."

एप्रिलचा शेवटचा सोमवार ठरवला आहे त्यांनी. नंतर तेंदूपत्त्याची तोडणी सुरू होते, मग पाऊस. मी म्हटलं, बघते. अंकुशला चहा दिला. कप स्वतः धुऊन ठेवून गेला.

पंचावन्न वर्षांत एकदाही नाही, आणि मागायचे ते नेमके आत्ता.

११ मार्च

प्रवीणला विचारलं. तो म्हणाला, "सोपं हाय, मॅडम. तुमच्या त्या दोनातली एक तारण ठेवा, ही मी मोकळी करतो. अर्ध्या तासाचं काम."

"मग माझा दर जाईल ना?"

त्याने यंत्रावर आकडे दाबले. "अठराशे रुपये कमी भेटतीन ऑगस्टात."

अठराशे रुपये मला काही जड नाहीत. पण मोडायची नाही हा विद्याधरांचा शब्द आहे, आणि माणूस गेल्यावर त्याचा शब्द तरी राखावा. मी म्हटलं, राहू दे.

प्रवीण म्हणाला, "मग कार्ड बंद करून टाकता का? तिकडं फॉरेक्स कार्डावर चालून जाते." आता विमानाचं तिकीट कार्डावरच काढलं आहे, रोहिणीने हॉटेलला सगळ्यांच्या कार्डांचे नंबर कळवले आहेत. तिला काय सांगू? घरच्या बाईच्या भावाच्या दगडासाठी माझं कार्ड बंद केलं म्हणून? ती नागपूरभर करेल.

घरी आले. सोमारी दारातच होती. "बँकेत गेल्या होत्या का, बाई?"

"गेले होते. ते म्हणतात मुदत आहे."

"कवापर्यंत?"

"आहे अजून."

तिने माझ्या चपला उचलून कोपऱ्यात ठेवल्या. "माह्या पैशाले मुदत त्यायनं लावली, का तुमी?"

असं ती कधी बोलत नाही. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि आत गेले.

१८ मार्च

माझ्यावर कुणी रुसलेलं मला चालत नाही, लहानपणापासूनच. आज सोमारीला हिरवी साडी आणि दोन हजार रुपये दिले. पावतीतले नव्हेत, माझे स्वतःचे. म्हटलं, तुझ्या भावाच्या कामाला माझ्याकडून.

"उरलेले?"

"मी परत आले की. पैसे काय पळून जातात का, सोमारी? आणि दगड काय, या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी रोवता येईल."

"पोचू दोन वर्सं बाहेर उभा हाय, बाई."

मी तिला जवळ घेतलं. तिच्या अंगाला अजून तोच लाकडाच्या धुराचा वास येतो. मला एकदम चंद्रपूरचं घर आठवलं आणि डोळे भरून आले. ती मात्र साडीचं घडीवरचं लेबल बघत होती. घडी तिने मोडली नाही.

३० मार्च

रोहिणीने फर्मान काढलं आहे की प्रत्येकीने सिस्टरांना सांगायला एक आठवण लिहून आणायची. माझी खिडकीची.

शाळा घरापासून लांब होती, त्यामुळे डबा घेऊन आलेली सोमारी शाळा सुटेपर्यंत तिथेच थांबायची. माझा बाक खिडकीशी होता, ती बाहेरून गज धरून उभी राहायची. तिसरीत सिस्टरांनी मला एका शब्दाचं स्पेलिंग विचारलं. मी अडखळले, आणि बाहेरून सोमारीने ते घडाघडा सांगितलं. सगळा वर्ग हसला. मी घरी जाऊन बाबांपुढे इतकी रडले की ताप आला. दुसऱ्या दिवसापासून खिडकी बंद, आणि सोमारीने फाटकाबाहेर चिंचेखाली थांबायचं असं ठरलं.

उन्हात, पावसात तिथेच बसायची बिचारी. पण तीही मजाच होती. शाळा सुटली की चिंचा जमवून ठेवलेल्या असायच्या.

सिस्टर मधल्या सुट्टीत नेहमी फाटकाकडे जायच्या, हातात पाटी असायची. आम्ही मुली म्हणायचो, थंड देशातल्या आहेत, त्यांना ऊन आवडतं.

२३ एप्रिल

उद्या निघायचं. फॉरेक्स कार्ड राहूनच गेलं, त्यासाठी चंद्रपूरला जावं लागत होतं आणि ऊन मी म्हणत होतं. असू दे, एक कार्ड आहे तेवढं पुरे.

सोमारीने माझी बॅग भरली. शालीच्या घडीत लवंगा घातल्या, लोणच्याच्या बरणीला तीन पदर प्लॅस्टिक गुंडाळलं. या चार दिवसांत पैशाचं तिने काही काढलं नाही. मला वाटलं, समजली.

"येताना तुला काय आणू?" मी विचारलं.

"पोचूचं कापड आना."

"तिकडे कुठलं मिळायला तसलं."

"मग काई नको, बाई. सांभाळून जाजा."

२६ एप्रिल, आयर्लंड

विमानतळावर बॅगा घेतल्यावर रोहिणी म्हणाली, "टॅक्सीला आणि खेड्यातल्या हॉटेलला रोख लागेल, काढून घे." तिथल्या मशीनपुढे उभी राहिले तर थंडीने बोटं चालेनात, मागे रांग. मशीनने विचारलं, रुपये की युरो. पडद्यावर रुपयाची खूण दिसली आणि खरंच घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. रुपयेच दाबले. मग प्रवीणची तिसरी गोष्ट आठवली आणि पाठोपाठ दुसरीही.

पुढच्या मशीनवर चुकणार नाही म्हटलं, तिथेही हाताने तेच केलं.

रोहिणी हसली. "कॉन्व्हेंटमध्ये शिकून शेवटी भद्रावतीच."

असो. कार्डाने छान काम केलं. एका दुकानात खऱ्या लोकरीचा, खडूसारखा पांढरा स्वेटर घेतला. सोमारीसाठी चॉकलेटचा डबा घेतला, तोही बऱ्यापैकी मोठा.

२८ एप्रिल

सिस्टरांना भेटलो.

खिडकीपाशी खुर्चीत होत्या. एवढीशी बाई झाली आहे. रोहिणीला ओळखलं नाही, बाकीच्या दोघींनाही नाही. चौघींनी आपापल्या आठवणी वाचल्या. मी खिडकीची वाचली तेव्हा त्यांनी माझा हात धरला. नखं पूर्वीसारखीच स्वच्छ होती.

"शालिनी," त्या म्हणाल्या. "खिडकी बंद करायला लावणारी."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग त्यांनी विचारलं, "आणि सोमारी?"

नाव अगदी नीट उच्चारलं. मी म्हटलं, आहे, माझ्याकडेच असते.

"अजून लिहिते का? अशी अक्षरं मी परत कुणाची पाहिली नाहीत. चार वर्षं त्या चिंचेखाली, रोज वीस मिनिटं. तुम्हा कुणाचा एस तिच्यासारखा आला नाही."

रोहिणी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हो सिस्टर, लिहिते ना. रोज लिहिते. मी तिला पुढे शिकवलं."

सिस्टरांना फार आनंद झाला. "मला ठाऊक होतं, तू तिला आत घेशील," म्हणाल्या. ड्रॉवरमधून एक लहानसं पवित्र चित्र काढलं, थरथरत्या हाताने मागे लिहिलं, 'सोमारीस, माझ्या सर्वांत चांगल्या हातास', आणि माझ्या हातात दिलं.

बाहेर आल्यावर रोहिणी म्हणाली, "तुझी कामवाली इंग्रजी लिहिते?"

मी म्हटलं, "वय झालं गं त्यांचं. नावं एकमेकांत गुंततात."

एवढ्या लांब आले ते सिस्टरांना भेटायला, आणि त्यांनी माझ्या अक्षराबद्दल एक शब्द विचारला नाही. सातवीत अक्षराचं बक्षीस मला मिळालं होतं. तेही त्या विसरल्या.

चित्र सुंदर आहे. या वहीत खूण म्हणून ठेवलं आहे.

७ मे, भद्रावती

घराला कुलूप. किल्ल्या शेजारच्या शकुबाईंकडे होत्या. "सोमारी गेली ना," त्या म्हणाल्या. "तुमी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी. झाडाइले पानी घालाले सांगून गेली मले."

आत सगळं झाडलेलं, पुसलेलं. डब्यांना फडकी बांधलेली. फळीवर हिरवी साडी, घडी न मोडलेली, आणि तिच्यावर दोन हजार रुपये. त्याच नोटा.

चहा करायला गेले तर साखर कुठे असते तेच मला आठवेना.

९ मे

बँकेत गेले. प्रवीणने बिल काढलं. तिकीट, हॉटेल, खरेदी, रोख आणि त्यावरचं व्याज मिळून एक लाख बावन्न हजार. रोख रकमेच्या ओळीपाशी तो थांबला. "रुपयेच दाबले ना, मॅडम?"

मग त्याने मान खाली घातली. "तुमच्याकडच्या बाई आल्या होत्या, पंचवीस तारखेला. त्यांचा भाचाही होता. साठ हजार काढाचे म्हणून पैसे काढाची स्लिप भरून दिली. मी शोधलं, त्यांच्या नावानं काईच नाई. तसं सांगावं लागलं."

"भाच्याने भरली असेल."

"नाई मॅडम, माह्यासमोर भरली. इंग्रजीत. मी दहा वर्सांत असं अक्षर पाह्यलं नाई."

"तिला लिहिता येत नाही," मी म्हटलं.

प्रवीणने बिलाचे कागद उगाचच सरळ केले.

मग मीच मार्ग काढला. माझ्या पावत्या ऑगस्टपर्यंत अडकलेल्या. कार्ड आता लागणार नाही. तेव्हा कार्ड बंद केलं आणि तारणातूनच बिल वळतं करून घेतलं. अठ्ठ्याऐंशी हजार उरले. ऑगस्टमध्ये माझी पावती पिकली की तिचे तिला भरून द्यायचे. लक्षात ठेवायला हवं. वहीत लिहिलं म्हणजे राहील.

१६ मे

अंकुशला निरोप पाठवला होता, आज आला. बस म्हटलं तरी उभाच.

"दगड रोवला का?"

"रोवला. लोकाईनं वर्गणी केली."

"चला, झालं ना शेवटी. मी म्हणतच होते."

"कापड आत्यानं नाई बांधलं. माह्या बायकोच्या भावानं बांधलं. आत्या मोहाखाली बसून होती, दुपारभर. कोणी जेवाले बोलावलं तरी उठली नाई."

"तिला सांग, मी एकटी आहे. परत ये म्हणावं."

"सांगतो," तो म्हणाला, पण ज्या सुरात म्हणाला त्यावरून सांगणार नाही असं वाटलं.

साठ हजार मोजून दिले. मागितले होते तेवढे पूर्ण. पंचावन्न वर्षांचं तिचं खाणंपिणं, कपडालत्ता, औषधपाणी यातला एक पैसाही मी धरलेला नाही. दुसऱ्या कुणी धरला असता. चॉकलेटचा डबाही दिला, उन्हाने जरा मऊ झाला होता.

रोहिणी फोनवर म्हणाली होती, "लिहून घे गं. आजकाल ही माणसं कुणाकुणाच्या नादाने उभी राहतात." म्हणून एक कागद तयार ठेवला होता, माझ्याच अक्षरात: 'शालिनी देशकर यांच्याकडून रु. साठ हजार मिळाले. यापुढे माझे काही येणे नाही.' खाली सोमारीच्या अंगठ्यासाठी जागा सोडली. शाईचं पॅडही दिलं, तिकडे कुठे मिळणार.

अंकुशने कागद दोनदा वाचला. "काई येणे नाई?"

"तसं लिहायची पद्धत असते."

२ जून

टपालाने कागद परत आला. सोबत पॅडही, झाकण न उघडलेलं.

दुसऱ्या वाक्यावर एकच आडवी रेघ मारली आहे, पट्टी धरल्यासारखी सरळ. अंगठ्याच्या जागी अंगठा नाही. तिथे इंग्रजीत लिहिलं आहे, सोमारी. फक्त तेवढंच.

वहीतलं सिस्टरांचं चित्र काढून शेजारी ठेवलं. त्यांच्या थरथरत्या हातातला एस आणि हा एस, वरची गाठ तीच, शेपटाचा बाक तोच. सिस्टरांनी माझ्या बोटांवर पट्टी मारून मारून शिकवलेला. कार्डाच्या अर्जावरची माझी सही आठवली. बासष्ट वर्षांत मला तो एकदाही जमला नाही.

शकुबाईंनी पाठवलेली नवी बाई सोमवारपासून येणार आहे, तिला चहा करता येत नाही म्हणे.

मग नवा कागद घेतला. तीच दोन वाक्यं पुन्हा नीट लिहिली. खाली लिहिलं, 'सही चालणार नाही, अंगठाच हवा', आणि कुठे उमटवायचा ते कळावं म्हणून पेन्सिलने गोल काढून दिला. पॅड कापडात गुंडाळून पाकिटात घातलं. उद्या रजिस्टर टपालाने पाठवते.